गुलाब पावसाळ्यात पाहावा

जानेवारी हा गुलाब विकायचा महिना आहे, निवडायचा नाही. पुण्यात प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं आणि त्यानंतर आमच्या नर्सरीत पाय ठेवायला जागा उरत नाही. लोक मोबाइलमधला फोटो पुढे करतात. टपोरी कळी, मखमली पाकळी, सरळ उभा दांडा. ‘हाच पाहिजे.’ पुण्याची कोरडी थंडी आणि स्वच्छ ऊन मिळालं की प्रत्येक गुलाब देखणा दिसतो. वर्षभर औषधावर जगणारा गुलाब आणि कशालाही दाद न देणारा गुलाब जानेवारीत शेजारीशेजारी ठेवले, तर नवख्या माणसाला फरक कळणं शक्यच नाही. तो कळतो आषाढ-श्रावणात. आणि नेमकं त्या वेळी गुलाब बघायला कोणी येत नाही.

शहराच्या कडेला असलेल्या या नर्सरीत माझी वीस वर्षांहून जास्त गेली. हिशेब लिहायला आले होते, पण हळूहळू रोपांच्या ओळींमध्येच जास्त वेळ जाऊ लागला. या काळात सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, ‘माझ्या हाताला झाड लागत नाही.’ पहिल्या पावसाळ्यात गुलाब गमावलेली माणसं हे म्हणतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दहातल्या आठ वेळा हाताचा काही दोष नसतो. रोप त्या जागेचं नसतं, इतकंच.

गुलाबाच्या पानावरचे काळे ठिपके आपल्याकडच्या बहुतेकांनी पाहिलेले असतात. वाटाण्याएवढा काळा डाग, कडा जरा पिसारलेल्या, भोवती पिवळेपणा, आणि हात लावताच गळून पडणारं पान. ही बुरशी आहे. तिला पान सलग सहा-सात तास ओलं मिळालं की पुरतं. युरोपातल्या उन्हाळ्यात पान रोज इतका वेळ ओलं राहतंच असं नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते रोजचंच. पाऊस मातीवर आपटतो, खाली पडलेल्या रोगट पानांवरचे बीजाणू उडून खालच्या पानांवर बसतात आणि रोग एकेक पायरी वर चढतो. पानं गेली की झाड साठवलेलं अन्न खर्चून नवी पानं काढतं. तीही जातात. असं दोन-तीनदा झालं की फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येऊ लागते. लोकांना दिसतं ते हे शेवटचं. ‘अचानक वाळला हो’ म्हणतात, पण त्याची सुरुवात जूनमध्येच झालेली असते.

यावर दर आठ-दहा दिवसांनी बुरशीनाशक फवारणं हा उपाय आहेच, आणि प्रदर्शनात फुलं मांडणारे तो मनापासून करतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण नोकरी, मुलं, घरातली म्हातारी माणसं सांभाळून दोन कुंड्या लावणाऱ्या बाईने पाठीवर पंप घ्यावा, ही अपेक्षा मला पटत नाही. बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी ती फवारणी मला नकोच वाटते.

आमच्याकडे डोळे भरायला एक मामा होते. खुंटाच्या सालीवर टी आकाराचा काप, त्यात हव्या त्या जातीचा डोळा सरकवायचा आणि वरून पट्टी. हे काम ते गप्पा मारता मारता करायचे. गिऱ्हाईक फुलाकडे बघून रोप उचलू लागलं की म्हणायचे, ‘पान बघा. फूल काय, सगळ्यांनाच येतं.’ पहिली काही वर्षं मला ते त्यांचं नेहमीचं बोलणं वाटायचं. त्याचा पुरता अर्थ 2019 च्या पावसाळ्यात उमगला.

त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी आंबिल ओढ्याला आलेला पूर पुणेकर विसरणार नाहीत. पाऊस त्यानंतरही हटला नाही, दिवाळीतही पडत होता. फवारलेलं औषध संध्याकाळपर्यंत धुऊन जायचं. विक्रीच्या ओळी एकामागून एक बोडक्या होत गेल्या. उंची, दिमाखदार, महागडी रोपं नुसत्या काटेरी काड्या होऊन उभी. आणि कुंपणाच्या कडेला काड्या काढण्यासाठी ठेवलेली जुनी झाडं, ज्यांच्यावर आम्ही औषधाचा थेंबही खर्च करत नव्हतो, ती मात्र पानांनी भरलेली. ठिपके त्यांच्यावरही होते, पण खालच्या चार पानांवर. वर नवी पालवी जोरात चालू होती. मामा त्या ओळीपाशी उभे राहिले आणि एकेक फांदी उलटून पानाची पाठ मला दाखवू लागले. जाडसर, तकतकीत, पाणी न धरणारं पान एकीकडे, आणि पातळ, मऊ, पाणी शोषून काळवंडणारं पान दुसरीकडे. त्या दिवसापासून मी वहीत एक यादी करायला घेतली. पावसाळ्याच्या शेवटी, औषधाशिवाय, कोणाच्या अंगावर किती पानं उरली याची. पुढच्या वर्षी टाळेबंदीत कामगार गावी गेले, फवारणी जवळपास थांबली, आणि तीच यादी पुन्हा पडताळून मिळाली.

यादीत सर्वांत वर आहे गावठी गुलाब. गुलकंदाचा, वासाचा, फिक्या गुलाबी पाकळ्यांचा. नर्सरीत याला एडवर्ड म्हणतात, आणि हा बूर्बों कुळातला समजला जातो. चिनी गुलाब आणि दमास्क यांच्या संकरातून झालेलं ते कुळ. फूल दोन दिवस टिकतं, फुलदाणीत तर दुपारपर्यंतच. पण झाड चिवट. याची पेन्सिलीएवढी काडी लावली तरी फुटते. त्यामुळे हे झाड स्वतःच्या मुळावर असतं आणि हे नवख्यासाठी किती मोलाचं आहे ते पुढे सांगते.

दुसरा ग्रुस आन टेप्लिट्झ. नाव अवघड, म्हणून आमच्याकडे सगळे त्याला ‘टेप्लिट्झ’च म्हणतात. रुडॉल्फ गेश्विंड या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या वनाधिकाऱ्याने तयार केलेला, 1897 सालचा. गडद लाल, सुवासिक, झुपक्यांत येणारा. देठ नाजूक असल्याने फूल खाली मान घालतं आणि म्हणून प्रदर्शनवाल्यांना तो आवडत नाही. पण देवाला रोज चार फुलं हवी असणाऱ्या घरात याच्यासारखं झाड नाही. मग पांढरा आइसबर्ग, जर्मनीतल्या कोर्डेस यांचा, 1958 चा. यावर ठिपके येत नाहीत असं मी म्हणणार नाही. येतात, पण गळालेल्या पानांपेक्षा नव्या पानांचा वेग जास्त असतो आणि बहर काही थांबत नाही. क्वीन एलिझाबेथ उंच जातो, माणसाच्या डोक्यावर. तो कुंडीत नको, जमिनीत हवा. आणि लहान कुंडीसाठी द फेअरी, किंवा ज्याला आपण सरसकट बटण गुलाब म्हणतो तो. बटण गुलाब विकत घेताना मात्र एवढं पाहा की जुन्या, खालच्या फांद्यांवरही पानं आहेत ना. शेंड्याला फुलांचा गुच्छ आणि खाली नुसती काडी असेल, तर ते रोप हरितगृहातून नुकतंच बाहेर आलंय.

‘डच गुलाब द्या’ ही मागणी याच्या अगदी उलट टोकाची. तळेगाव आणि पवन मावळातल्या पॉलिहाउसमधून व्हॅलेंटाइन डेला परदेशी जाणारी ती लांब दांड्याची फुलं. त्या शेतकऱ्यांचं काम मी जवळून पाहिलेलं आहे. छपरामुळे पाऊस पानाला लागत नाही, पाणी ठिबकने थेट मुळाशी, खत रोज मोजून, आणि रोज पाहणी. ती जात फुलदाणीत किती दिवस टिकते यासाठी निवडलेली, उघड्यावर पावसात किती टिकते यासाठी नव्हे. ते रोप गच्चीत आणलं की त्याचं सगळं रक्षण एका दिवसात काढून घेतल्यासारखं होतं.

पिवळ्याचा हट्ट धरणारेही पुष्कळ. एक तरुण मुलगा आईच्या साठीसाठी पिवळेच गुलाब हवेत म्हणून अडून बसला होता. आई नवखी, घर तळमजल्याचं, ओलसर जागा. मी त्याला बसवून पिवळ्याची गोष्ट सांगितली. युरोपातल्या बागांमधल्या मोठ्या गुलाबांत गडद पिवळा रंग असा नव्हताच. फ्रान्समधल्या पर्ने-ड्युशे यांनी पर्शियन पिवळ्या गुलाबाशी संकर करून 1900 साली ‘सोलेय दॉर’ आणला आणि तिथून पिवळे, केशरी, तांबूस रंग बागांमध्ये आले. पण तो पर्शियन गुलाब कोरड्या मुलखातला, काळ्या ठिपक्यांपुढे अगदी हतबल. रंगाबरोबर तो हळवेपणाही पुढच्या पिढ्यांमध्ये उतरला. गेल्या काही दशकांत संकर करणाऱ्यांनी तो पुष्कळ कमी केला आहे, तरीही पिवळ्याचं पान मी दोनदा उलटून पाहिल्याशिवाय कोणाला देत नाही. त्या मुलाने शेवटी आईसाठी आइसबर्ग नेला आणि पिवळी शेवंती बरोबर घेतली.

आपल्या बाजारातले बहुतेक गुलाब थंड देशांसाठी घडवलेले आहेत, ही गोष्ट नवख्या माणसाला कोणी सांगत नाही. भारतात यावर विचार करणारे लोक झाले. गव्हाचे थोर शास्त्रज्ञ आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल यांनी ‘दिल्ली प्रिन्सेस’सारख्या जाती दिल्या. कोडाईकनालचे वीरराघवन दांपत्य तर उष्ण प्रदेशासाठी गुलाब घडवायचा म्हणून मणिपूरकडचा रोझा जायगँटिया आणि पाणथळ जागी वाढणारा रोझा क्लिनोफिला हे आपल्याच मातीतले रानगुलाब संकरात आणत आले आहेत. आमच्यासारख्या साध्या नर्सरीत ती रोपं सहज येत नाहीत, याची मला खंत आहे. मागणीच नाही, म्हणून येत नाहीत. लोक विचारू लागले तर येतील.

आता मुळांबद्दल. एक काकू एकदा तक्रार घेऊन आल्या. दोन वर्षांपूर्वी नेलेला लाल गुलाब छान वाढलाय, छपराला टेकलाय, पण वर्षभर एक कळी नाही. फोटोत पाहिलं तर फिकट हिरव्या, लवचिक, जवळजवळ बिनकाट्याच्या लांब फांद्या आणि सात-सात पानांचे देठ. मी विचारलं, ‘या फांद्या नेमक्या कुठून फुटल्यात? गाठीच्या वरून की खालून?’ त्यांना गाठ ठाऊकच नव्हती. डोळा भरलेल्या रोपाला बुडाशी बोटाच्या पेराएवढा फुगवटा असतो. त्याच्या वरचा भाग आपण विकत घेतलेला गुलाब, खालचा जंगली खुंट. खुंटाला फुटवा आला आणि तो काढला नाही, तर तो जोमाने वाढतो आणि वरचा गुलाब उपाशी मरतो. काकू दोन वर्षं खुंटालाच खतपाणी घालत होत्या. सात पानांवरून जंगली ओळखावा असं सगळे सांगतात, पण काही चांगल्या गुलाबांनाही सात पानं असतात, म्हणून पानं मोजण्यापेक्षा फुटवा कुठून आलाय ते माती बाजूला करून पाहणं जास्त खात्रीचं. आणि तो सिकेटरने कापायचा नाही, बुडातून ओढून काढायचा, नाहीतर एकाचे तीन होतात. काडी लावून केलेल्या गावठीला किंवा टेप्लिट्झला ही भानगडच नाही. खालून जे येईल ते त्याचंच असतं.

मातीचं थोडक्यात सांगते. आमच्याकडची पुष्कळ रोपं आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात, गोदावरीकाठच्या चिकट मातीच्या हुंडीसह. ती हुंडी वाळली की विटेसारखी कडक होते, वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं आणि मुळं कोरडी राहतात. रोप आणल्यावर हुंडी बादलीत भिजवून बाहेरची माती अलगद सैल करावी, मुळांना न दुखावता. कुंडी बारा इंची तरी हवी. पोयटा माती, चांगलं कुजलेलं शेणखत, निचऱ्यासाठी थोडी जाड वाळू, मूठभर निंबोळी पेंड. पुण्याची काळी माती एकटी वापरू नये, पावसात ती पाणी धरून बसते. पाणी सकाळी, मुळाशी. बोटाचं एक पेर मातीत घालून ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

बाणेरकडच्या एका उंच इमारतीतलं जोडपं आलं होतं. नवं घर, पहिली बाग, हौस ओसंडून वाहणारी. ऊन किती तास येतं असं विचारल्यावर दोघं एकमेकांकडे पाहू लागले. मी त्यांना रोप न देता परत पाठवलं, आणि रविवारी दर तासाला बाल्कनीचा फोटो काढायला सांगितला. फोटो आले. ऊन सकाळी दोन तास, मग समोरच्या इमारतीची सावली. गुलाबाला पाच-सहा तास लागतात, चिवटातल्या चिवटालाही. मी त्यांना गुलाब विकला नाही. मालकांना ते त्या वेळी रुचलं नाही, पण मला आजही वाटतं की तिथे गुलाब देणं म्हणजे दोन माणसांची हौस मोडणं होतं. नंतर सोसायटीने गच्चीचा एक कोपरा दिला तेव्हा ते स्वतःहून आले, आणि आता तिथे त्यांच्या टेप्लिट्झची फुलं शेजारच्या दोन घरांना पुरतात.

चिपळूणच्या एका ताईंना मी पुण्याचा सल्ला जसाच्या तसा दिला असता तर रोप पहिल्याच श्रावणात गेलं असतं. तिकडचा पाऊस पुण्याच्या चौपट-पाचपट. गावठीच लावा, उंचवट्यावर लावा, आणि पागोळ्यांखाली मुळीच नको, कारण तिथे पाण्याचा मारा मातीवर होऊन चिखल पानांवर उडतो. बुडाशी वाळलेल्या गवताचं आच्छादन घाला, म्हणजे तो उडणं थांबेल. नागपूरकडच्यांना हे सांगून उपयोग नाही. त्यांचा शत्रू मे महिना. तिथे दुपारची सावली हवी, आणि पानांच्या पाठीवर बसणारा लाल कोळी धुऊन काढायला सकाळी पाण्याचा जोरदार फवारा. ओलं पान उन्हात लगेच सुकतं, म्हणून तिथे त्याचं भय नाही.

छाटणीची भीती मात्र सगळीकडे सारखीच. पाऊस संपला की, दसरा-दिवाळीच्या दरम्यान, झाड साधारण एक तृतीयांश कमी करायचं. मेलेली, काळी, आत वळलेली फांदी आधी काढायची. धारदार सिकेटर हवा, एवढी एकच अट. डोळ्याच्या किती वर, किती तिरकं, यावर पानंच्या पानं लिहिलेली आहेत, पण यादीतल्या झाडांना त्याचं फार काही वाटत नाही. छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी बहर येतो. खाली पडलेली ठिपक्यांची पानं मात्र वेचून कचऱ्यात टाकायची, कुंडीत खत म्हणून ठेवायची नाहीत. वर्षभराच्या कामातलं हे एकच काम मी कोणाला चुकवू देत नाही.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका पहिल्यांदा आले ते प्रदर्शनातून थेट, हातात दहा नावांची चिठ्ठी घेऊन. पापा मेयां, डबल डिलाइट, पीस आणि अशीच आणखी. सगळी नावं थोर. मी विचारलं, वर्षातले किती महिने घरी असता? मुलगा बंगळुरूला, सून नोकरीची, नातू लहान, त्यामुळे निम्मं वर्ष तिकडेच. चिठ्ठी त्यांनी नाखुशीने खिशात ठेवली आणि चार झाडं नेली. गावठी, टेप्लिट्झ, आइसबर्ग, क्वीन एलिझाबेथ. मधल्या काळात ते फारसे आले नाहीत, येण्याची गरजच पडली नाही. दोन पावसाळे गेल्यावर एका ऑगस्टमध्ये, भर पावसात, छत्री घेऊन आले. प्रदर्शनाच्या नव्हे, पावसाच्या दिवसांत गुलाब बघायला आलेलं ते माझं पहिलं गिऱ्हाईक. नातू शाळेत जाऊ लागला होता, बंगळुरूच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या. खिशातून तीच चिठ्ठी काढली, बाकीची नावं खोडलेली, एकच ठेवलेलं. पापा मेयां. म्हणाले, ‘याला भुरी येते, ठिपके येतात, सगळं वाचलंय. आता पंपही घेतलाय. दाखवा.’

ओळीत पाच रोपं होती. आम्ही दोघांनी प्रत्येकाची पानं उलटून पाहिली, त्यातलं सर्वांत भरलेलं त्यांनी स्वतः निवडलं. मी एवढंच सांगितलं की हे घरच्या चार झाडांपासून दूर ठेवा, वारा खेळेल अशा जागी, आणि पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी किती पानं उरली ते मला कळवा. वहीत त्याच्या नावापुढची जागा अजून रिकामी आहे.